पेटीमागें बसणारा

उपासना संपली म्हणजे मंडळी दारांत थांबते, पाळकसाहेबांचा हात हातांत घेते, उपदेश फार चांगला झाला असें सांगते आणि घरची वाट धरते. त्या वेळीं आंत एक मनुष्य पेटीचा भाता मिटून तिच्यावर कापड घालीत असतो. त्यास कोणी कांहीं सांगत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कितीजणांनीं त्याचें नांव विचारलें असेल, ह्याची आम्हांस शंकाच आहे. म्हणून त्याच्या कामाविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें.

मराठी ख्रिस्ती गीतांचा विषय निघाला म्हणजे कवींचीं नांवें निघतात, आणि तें योग्यच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतलेच. करजगांवीं १८६१ सालीं त्यांचा जन्म झाला व १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अगोदर मिशनरी साहेबांनीं इंग्रजी गीतांचीं भाषांतरें केलीं होतीं, व तीं इंग्रजी चालींवरच म्हणत असत. मराठी शब्दाचा भार एकीकडे व चालीचा ठोका दुसरीकडे, अशी त्यांत पुष्कळदां ओढाताण होई. कृ. र. सांगळे ह्यांच्यासारख्या गीतकारांनीं व पुढें टिळकांनीं देशी वळणाचीं पदें व अभंग उपासनेंत रूढ केले, तेव्हां मंडळीच्या तोंडीं तिची स्वतःची भाषा मोकळी झाली. परंतु ह्यामुळें वाजविणाऱ्याचें काम दुप्पट झालें, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. एकाच उपासनेंत पहिलें गीत चार आवाजांच्या इंग्रजी चालीचें, दुसरें भजनी ठेक्याचें, आणि तिसरें एखाद्या रागाच्या अंगानें जाणारें. त्या बिचाऱ्यास तिन्ही घरीं वावरावें लागतें.

त्याचें वाद्यहि दोन घरचें आहे. हार्मोनियमचा पेटंट पॅरिस येथें आलेक्सांद्र दबॅं ह्यानें १८४२ सालीं घेतला. तिचें भुईवर बसून एका हातानें भाता हलवीत वाजविण्याजोगें रूप कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनीं घडविलें. तिचे सूर अचल, मिंड तिला साधत नाहीं, ह्या दोषास्तव आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दारीं उभें केलें नाहीं. उपासनामंदिरांनीं मात्र तिला कधींच दूर लोटलें नाहीं. शंभर अनभ्यस्त गळ्यांना एका सुरावर धरून ठेवणारें इतकें स्वस्त व उचलतें वाद्य दुसरें कोणतें आहे?

आतां पट्टीचें पाहा. गाणारे लोक ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशा भाषेंत पट्टी सांगतात. मैफलीचा गवई आपल्या गळ्यास सोईची पट्टी मागून घेतो. मंडळीचा गळा एक नसतो. आजोबांचा खर्ज, मुलींचा कोवळा आवाज, आणि मध्येंच एखाद्या उत्साही गृहस्थांची आरोळी, ह्या सर्वांना अंतऱ्यापर्यंत नेऊन परत आणील अशी पट्टी त्याला गीताचा क्रमांक सांगितल्याबरोबर ठरवावी लागते. ती बरोबर ठरली तर कोणास कळत नाहीं; चुकली तर सगळ्यांस कळते.

येथें आमचाच एक अपराध सांगणें भाग आहे. तरुणपणीं, दुसऱ्या एका गांवीं, नाताळच्या गायनाचें पुढारपण आमच्याकडे होतें. तालमींत ठरलेली पट्टी सोडून वादकानें ऐन वेळीं दोन पट्ट्या खालीं सूर धरला. कार्यक्रमानंतर आम्हीं त्यास चारचौघांत बोल लाविला. तो कांहीं बोलला नाहीं. दोन दिवसांनीं कळलें कीं, एकटीनें कडवें म्हणणाऱ्या मुलीचा घसा सकाळपासून बसला होता. तिनें फक्त त्यालाच सांगितलें होतें, आणि त्यानें तिला उघडें पडूं दिलें नाहीं. आम्हीं जाऊन क्षमा मागितली. ती एकांतांत मागितली, ही गोष्ट अजून बोचते.

आम्ही पूर्णगडास राहतों. मुचकुंदी जेथें समुद्रास मिळते तेथें खारा वारा व पावसाळा मिळून पेटीचे काय हाल करतात, हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. लांकूड फुगून पट्ट्या दाबल्या त्या वर येत नाहींत. पितळी सुरांवर हिरवट कीट चढून आवाज घोगरा होतो. झुरळें आंतील कातडें कुरतडतात. तबल्याची पुडी सर्दावून उतरते ती निराळीच. म्हणून आषाढ-श्रावणांत वादक तासभर अगोदर येऊन पेटी उघडतो, सूर पुसतो, गठ्ठ्यांवर हातोडी मारून तबला चढवितो. लोक येतात तेव्हां सर्व जागच्या जागीं असतें.

पवित्र शास्त्रांत पहिल्या इतिहासाच्या पंचविसाव्या अध्यायांत मंदिराच्या गायकांची मोजदाद आहे. ते २८८ असून सर्व निपुण होते, व त्यांच्या पाळ्या लहान-थोर, गुरु-शिष्य असा भेद न करतां चिठ्ठ्या टाकून ठरविल्या. चोवीस पाळ्यांच्या मुख्यांचीं तेवढीं नांवें तेथें दिलीं आहेत. बाकीचे संख्येंतच राहिले. तरी मोजले गेले, हेंहि थोडें नव्हे.

आमच्या मनांत ह्याहून निकडीची एक गोष्ट आहे. जुन्या मराठी गीतसंग्रहांत गीताच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाचे दोनचार शब्द छापीत. स्वरलिपि नाहीं. तें मूळ पद आज कोणी म्हणत नाहीं, म्हणून ती चाल वाजविणाऱ्याच्या बोटांतच काय ती उरली आहे. त्याच्या मागें शब्द पुस्तकांत राहतील, गीत राहणार नाहीं. आतां प्रत्येक मुलाच्या घरीं ध्वनि टिपून घेणारा मोबाइल आहे. यंदाच्या मे महिन्यांत आम्हीं एका वृद्ध वादकांजवळ बसून अशा चाली टिपण्यास आरंभ केला. अकरा त्यांनीं सलग वाजवून दाखविल्या. बाराव्या गीताचा अंतरा आठवेना. दोनदां उचलला, दोनदां सोडला. मग त्यांनीं भाता मिटला, कापड घातलें आणि म्हणाले, “मास्तर, पुढच्या रविवारीं या.”