हरिख आणि सुख

नांदुऱ्याकडच्या एखाद्या घरी लेक माहेराला आली, की आजी तिच्या तोंडावरून हात फिरवते आणि म्हणते, “माय, तू आली, मले लय हरिक झाला.” हेच वाक्य त्या घरातल्या पोराने शाळेत निबंधात लिहिले, तर पुष्कळदा काय होते? ‘हरिक’वर लाल शाईची रेघ येते आणि वर ‘आनंद’ लिहिला जातो. पोरगा समजतो, की आपली आजी चुकीचे बोलते. ही समजूत घालवण्यासाठीच आज या शब्दाची थोडी उलगड करू.

‘हरिक’ हा अडाणी शब्द नव्हे. मूळ संस्कृत ‘हर्ष’. त्यातला जोडाक्षराचा अडसर जिभेने सोडवला. ‘वर्षा’चे ‘वरीस’ असेच झाले. मग ‘ष’चा उच्चार ‘ख’ झाला. विषाचे विख होते, आणि ‘विखारी’ म्हणताना ते विख आपण आजही वापरतो. असा ‘हरिख’ तयार झाला. पुढे शेवटच्या ‘ख’चा जोर उतरला आणि तो ‘हरिक’ झाला. यात वऱ्हाडाने जगावेगळे काही केले नाही. हिंदीत ‘भूख’ आहे, आपण मराठी माणसे ‘भूक’च म्हणतो आणि तीच शुद्ध मानतो! ‘हरिख’ ज्ञानेश्वरीत आहे, म्हणजे शके १२१२, इसवी सन १२९० इतका तो जुना आहे. मोल्सवर्थच्या कोशातही त्याला जागा आहे. शहरातली माणसेसुद्धा बक्षीस मिळाले की ‘हरखून’ जातातच. क्रियापद चालते, आणि नाम तेवढे गावंढळ ठरते, हा न्याय काही कळत नाही.

आता कोणी म्हणेल, अर्थ एकच, मग ‘आनंद’ लिहिले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. कापसाच्या पहिल्या वेचणीला आपल्याकडे शेतात सीतादही करतात. पांढरे झालेले पऱ्हाटीचे शेत पाहून जे वाटते, तो हरिख. पुढे कापूस विकला, सावकाराचे किंवा सोसायटीचे देणे फिटले, घरात वर्षाची ज्वारी आली, म्हणजे घर सुखात आहे. सून बाळंत झाली, तर आपण ‘सुखरूप सुटली’ म्हणतो आणि नातवाचा मात्र हरिख होतो. भाषेने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. माणूस सुखात राहतो, सुखाने झोपतो. ‘वर्षभर हरिखात राहिला’ असे कोणी म्हणत नाही. हरिख होतो, पोटात मावत नाही आणि ओसरतो. तो प्रसंगाचा धनी आहे.

सुखाची गोष्ट तर गाडीवानाला फार लवकर पटेल. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचे विशेषण आहे. ‘ख’ म्हणजे पोकळी, भोक. चाकाच्या तुंब्यात आस जाण्याचे जे भोक, ते नीट असेल तर रथ सुख, म्हणजे न अडखळता चालणारा. काही पंडित या शब्दाचे मूळ ‘सुस्थ’मध्ये शोधतात, ते असो. पण ज्याने बिनवंगणाची, कुरकुरणारी गाडी चिखलातून हाकली आहे, त्याला पहिली व्युत्पत्ती सोडवणार नाही. सुख म्हणजे काही मिळाल्याचा जल्लोष नव्हे. संसाराचे चाक कुठे घासत नाही, एवढेच.

‘आनंद’ मोठा शब्द खरा. तो होतोही आणि त्यात राहताही येते, म्हणून शाळेला तो सोयीचा वाटतो. पण बोलीत त्याची चेष्टाही झाली आहे. दिव्यात तेल नाही, डब्यात मीठ नाही, की घरधनीण म्हणते, “सारा आनंदीआनंद आहे!” तिथे हर्षाचा लवलेश नसतो. ‘खुशाल’चेही तसेच. फारसी ‘खुशहाल’ म्हणजे चांगली स्थिती. पत्रात आपण ‘सर्व खुशाल’ लिहितो आणि रागावलो की “खुशाल जा!” म्हणतो. गंमत अशी, की त्यातला ‘हाल’ एकटा मराठीत आला, तो मात्र कष्ट होऊन बसला.

शिक्षकबंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते, की वहीत ‘हरिक’ दिसला तर रेघ मारण्याआधी मुलाला विचारावे, घरी हा शब्द कोण आणि केव्हा बोलते. पोळ्याला बैल सजवताना, बहिणीचे लग्न ठरताना, की पहिल्या पावसाला? वर्गातल्या दहा घरांतून दहा वाक्ये येतील. ती फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकात ‘सुख’ घालून पाहावे, मग ‘आनंद’ घालून पाहावे. कुठे वाक्य बसते आणि कुठे लंगडते, हे मुले स्वतःच सांगतील. लेखनात नाम ‘हरिख’ असे लिहावे. आजीचे बोलणे जसेच्या तसे देताना अवतरणचिन्हांत ‘हरिक’ ठेवावे. शब्द पुल्लिंगी आहे: हरिख झाला.