बिघाड कोंडायचा कसा?

पावसाळ्यात कुठेतरी झाडाची फांदी विजेच्या तारांवर पडते आणि दिवे जातात ते पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गावातलेसुद्धा. त्या फांदीचा आणि या गावाचा संबंध काय? वर्गात एखाद्या मुलाने असं विचारलं, तर ‘लाइनमध्ये फॉल्ट आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये. या प्रश्नात विद्युतशास्त्र आहे, बरंचसं तर्कशास्त्र आहे आणि शेवटी थोडं समाजशास्त्रही आहे. मुळशी तालुक्यातल्या मुठा गावाचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून आपण तो सोडवून पाहू.

मुठा गाव मुठा नदीच्या खोऱ्यात आहे. नदीच्या वरच्या अंगाला टेमघर धरण, दोन्ही बाजूंना सह्याद्रीचे फाटे आणि पावसाळ्यात धो धो पाऊस. खोऱ्याचा नकाशा पाहिला तर ओहोळ ओढ्याला मिळतात, ओढे नदीला. ग्रामीण भागातलं विजेचं जाळं बहुधा याच आकाराचं असतं, फक्त प्रवाह उलटा. उपकेंद्रातून 22 हजार किंवा 11 हजार व्होल्टची एक मुख्य वाहिनी निघते (बोलताना आपण तिला फीडर म्हणतो). तिला फाटे फुटतात, फाट्यांच्या टोकांशी रोहित्रं म्हणजे डीपी असतात आणि तिथून 230 व्होल्टची वीज घरात येते. नदीला जसा उगम अनेक आणि मुख एक, तसं इथे तोंड एक आणि टोकं अनेक.

सगळ्यांचीच वीज का जाते?

22 हजार व्होल्टच्या वाहिनीत एका तारेचं जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज सुमारे 12,700 असतं. वाहिनीतून एरवी समजा 100 अँपिअर धारा वाहते. उपकेंद्रापासून 5 किलोमीटरवर तारा एकमेकींना भिडल्या, तर धारेच्या मार्गात रोध उरतो तो फक्त तेवढ्या तारेचा. दर किलोमीटरला 0.6 ओहम धरले तर 3 ओहम. आता ओहमचा नियम लावा: 12,700 भागिले 3, म्हणजे 4,200 अँपिअरच्या आसपास. (उपकेंद्राचा स्वतःचा रोध आपण हिशेबात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येईल.) एवढी धारा काही सेकंद वाहिली तर तारा वितळतील, रोहित्र जळेल. म्हणून उपकेंद्रातला सर्किट ब्रेकर सेकंदाच्या एका छोट्या अंशात वाहिनी तोडतो. पण तो बसलेला असतो तोंडाशी. तोंड बंद केलं की सगळी टोकं कोरडी.

म्हणजे लांबच्या गावाची वीज फांदीने घालवलेली नसते. ती आपण स्वतः बंद केलेली असते, बिघाड नेमका कुठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे. ते जर ताबडतोब कळलं, तर तेवढाच तुकडा बाजूला काढून बाकीच्यांची वीज सुरू करता येईल. बिघाड शोधणं, तो कोंडणं आणि उरलेल्यांना वीज परत देणं ही तीन कामं माणसाऐवजी यंत्रणेने करायची, एवढाच या विषयाचा गाभा.

आधी जरा थांबून पाहा

उघड्या तारांवरचे बरेचसे बिघाड क्षणिक असतात. वाऱ्याने तारा हेलकावतात, फांदी लागून खाली पडते, पक्षी अडकतो. वीज तोडली की ठिणगी विझते आणि कारणही नाहीसं झालेलं असतं. म्हणून ‘रिक्लोझर’ नावाचा स्विच काही क्षण थांबून वाहिनी आपोआप पुन्हा जोडून पाहतो. दोन-तीन वेळा जोडूनही बिघाड तसाच असेल, तर तो कायमचा उघडतो. दिवे दोनदा लुकलुकून मग जातात, तेव्हा बहुधा हेच घडत असतं.

यातून मुलांना एक गोष्ट ठासून सांगायला हवी. तुटून पडलेली तार ‘मेली’ आहे असं कधीही समजू नये. ती काही क्षणांत पुन्हा जिवंत होऊ शकते. शिवाय तार कोरड्या खडकावर पडली तर तिच्यातून जमिनीत इतकी थोडी धारा जाते, की ब्रेकरला बिघाड झाल्याचं कळतही नाही.

साक्षीदार काय सांगतात?

बिघाडाची जागा शोधायची एक रीत वरच्या गणितातच आहे. बिघाड 5 ऐवजी 20 किलोमीटरवर असता, तर रोध 12 ओहम झाला असता आणि धारा 1,060 अँपिअरच्या आसपास आली असती. म्हणजे धारेवरून अंतर काढता येतं. पण खोऱ्यातल्या वाहिनीला फाटे असतात, आणि उपकेंद्रापासून 12 किलोमीटरवरची जागा तीन वेगवेगळ्या फाट्यांवर असू शकते. वायरमनने पावसात कोणत्या फाट्यावर चालत जायचं?

दुसरी रीत साक्षीदारांची. वाहिनीवर ठिकठिकाणी धारा मोजणारे दर्शक बसवायचे. उपकेंद्राकडून निघालो की वाटेत क, ख, ग असे तीन स्विच आहेत आणि प्रत्येकाजवळ एक दर्शक आहे असं समजा. ‘माझ्यातून फार मोठी धारा गेली’ असं क आणि ख म्हणतात, ग मात्र ‘माझ्यातून काही गेलं नाही’ म्हणतो. म्हणजे बिघाड ख आणि ग यांच्या मधे. ख आणि ग उघडायचे की तेवढा तुकडा कोंडला गेला. मग उपकेंद्रातला ब्रेकर जोडायचा. ख पर्यंतची गावं उजळली. दर्शकांची साक्ष संदेशयंत्रणेमार्फत नियंत्रण कक्षात पोचली, तर तिथला संगणक हा निर्णय मिनिटभरात घेऊ शकतो. अमेरिकेतल्या चॅटानूगा शहरात असे सुमारे 1,200 स्विच बसवले आहेत.

पण हे संदेश जायचे कसे? डोंगराच्या कुशीत, मुसळधार पावसात, वीज गेलेली असताना संदेशयंत्रणाही बंद पडू शकते.

घड्याळावर चालणारे स्विच

यावर जपानमध्ये एक सुरेख पद्धत वापरतात. तिथले स्विच एकमेकांशी बोलतच नाहीत. प्रत्येकजण फक्त घड्याळ पाहतो. प्रत्येक स्विचला चार नियम पाठ असतात:

1. वीज गेली की उघड.
2. एका बाजूला वीज आली की 7 सेकंद मोज आणि मग जोड.
3. जोडल्यावर 5 सेकंदांच्या आत वीज गेली, तर बिघाड तुझ्या पुढेच आहे. उघड आणि कुलूप लाव.
4. मोजणी पुरी होण्याआधीच वीज गेली, तर बिघाड तुझ्या अलीकडे आहे. तूही कुलूप लाव.

मघाचाच बिघाड घ्या, ख आणि ग यांच्या मधला. ब्रेकर तुटतो, सगळे स्विच उघडतात. ब्रेकर पुन्हा जोडला जातो. क सात मोजून जोडतो, काही होत नाही. मग ख सात मोजून जोडतो आणि वीज थेट बिघाडावर जाऊन आदळते. ब्रेकर पुन्हा तुटतो. ख ची वीज जोडताक्षणी गेली, म्हणून त्याला कुलूप. ग ला वीज क्षणभर दिसली आणि गेली, म्हणून त्यालाही कुलूप. क ला मात्र जोडून सातहून अधिक सेकंद झालेले आहेत, त्यामुळे तो निर्दोष. ब्रेकर दुसऱ्यांदा जोडला जातो, क सात मोजून जोडतो आणि ख पर्यंत वीज सुरू होते. एकही संदेश न पाठवता बिघाड दोन्ही बाजूंनी कोंडला गेला!

हे वर्गात करून पाहण्यासारखं आहे. एक मुलगा ब्रेकर, तीन मुलं स्विच. हात धरला म्हणजे जोडलं, सोडला म्हणजे उघडलं. वीज म्हणून ब्रेकरने एक चेंडू पुढे द्यायचा. बिघाडाची चिठ्ठी कोणत्या दोघांच्या मधे आहे हे फक्त शिक्षकांना माहीत. चेंडू तिथे पोचला की त्यांनी टाळी वाजवायची आणि सगळ्यांनी हात सोडायचे. कुणीही बोलायचं नाही, फक्त मोजायचं. दोन-तीन फेऱ्यांनंतर मुलांना विचारा: नियम 3 मधले 5 सेकंद वाढवून 10 केले तर काय होईल? निर्दोष क लाही कुलूप लागेल, हे त्यांचं त्यांनाच सापडतं.

दुसरी वाट हवी

अजून एक काम बाकी आहे. ग च्या पलीकडच्या गावांत बिघाड नाही, तरीही अंधार आहे, कारण त्यांची वीज बिघाडातूनच यायची. शेजारच्या वाहिनीचं टोक जवळ असेल, तर दोन्ही टोकांच्या मधे एरवी उघडा राहणारा एक स्विच घ ठेवता येतो. तो जोडला की वीज उलट्या बाजूने येते.

पण त्याआधी गणित करावं लागतं. शेजारची वाहिनी 200 अँपिअर वाहू शकते, सध्या 120 वाहते आहे आणि पलीकडच्या गावांना 50 हवे आहेत: बेरीज 170, चालेल. उन्हाळ्याच्या संध्याकाळी ती आधीच 170 वाहत असेल तर बेरीज 220 होते. तेव्हा घ जोडला तर दुसरी वाहिनीही तुटेल आणि एका बिघाडाचे दोन होतील. अशा वेळी काही गावांनाच वीज देऊन थांबावं लागतं.

आता मुठा खोऱ्याकडे परत या. खोरं वरच्या टोकाला डोंगरांनी बंद होतं. शहरात एका गल्लीच्या दोन टोकांना दोन वाहिन्या सहज मिळतात. अशा खोऱ्यात दुसरी वाट हवी तर तार डोंगर ओलांडून न्यावी लागते. ख चं कुलूप कितीही हुशार असलं, तरी दुसरी वाट नसेल तर वरच्या टोकाची गावं अंधारातच राहणार. स्विच निर्णय लवकर घेतो. नसलेली वाट तो बांधून देत नाही.

सरासरीत हरवलेलं गाव

वीजपुरवठा किती भरवशाचा हे मोजताना दर ग्राहकामागे सरासरी किती मिनिटं वीज गेली ते काढतात. समजा वाहिनीवर 1,000 ग्राहक आहेत आणि दुरुस्तीला 3 तास लागले. पूर्वी सगळेच 180 मिनिटं अंधारात बसायचे, सरासरी 180. स्वयंचलित स्विच बसवल्यावर 700 जणांना एका मिनिटात वीज मिळाली, 300 जणांना 180 मिनिटांनी. नवी सरासरी:

(700 × 1 + 300 × 180) ÷ 1,000 = 54.7 मिनिटं

सरासरी तिपटीहून खाली आली. पण त्या 300 जणांचं एक मिनिटही वाचलं नाही. शिवाय दुसरी वाट नसलेल्या वाहिनीवर वाटेत कुठेही बिघाड झाला तरी टोकाची माणसं अंधारात बसणाऱ्यांत असतातच. सरासरीच्या पाठात हे उदाहरण जरूर घ्यावं.

खर्च कुठे करायचा हे सरासरीवरून ठरवलं तर तो दाट वस्तीकडेच जाणार. केंद्र सरकारच्या 2008 सालच्या आर-एपीडीआरपी कार्यक्रमात स्काडा, म्हणजे दूरवरचे स्विच एका जागेवरून पाहण्याची आणि चालवण्याची यंत्रणा, 4 लाखांहून अधिक वस्तीच्या आणि मोठा वीजवापर असलेल्या शहरांसाठी होती. यात तांत्रिक तर्क आहे, पण मुठ्यासारखं गाव त्या चाळणीतून पहिल्याच झटक्यात गळतं.

याच मुळशी तालुक्यात टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याला नेऊन 1927 पासून मुंबईसाठी वीज तयार होऊ लागली. वीज शेजारी तयार झाली म्हणजे शेजाऱ्याला भरवशाची मिळते असं नाही. ते जाळ्याची आखणी ठरवते.

टोकाच्या गावासाठी आज आणखी एक पर्याय आहे: सौर पॅनेल आणि बॅटऱ्या. साधी छतावरची सौर यंत्रणा मुख्य वीज गेली की मुद्दाम बंद होते, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला गावाकडून झटका बसेल. गावाने स्वतःच्या विजेवर चालायचं तर आधी गावाच्या वेशीवरचा स्विच खात्रीने उघडायला हवा. म्हणजे इथेही पहिलं काम तेच: बिघाड कोंडणं.

मुलांना एक गृहपाठ द्या. आपल्या गावाची वीज कोणत्या उपकेंद्रातून येते, वाटेत कोणती गावं लागतात आणि कुठून दुसरी वाट आहे का, हे वायरमनना विचारून नकाशा काढायचा. खांब, डीपी आणि तारा लांबूनच पाहायच्या. नकाशा पुरा झाला की त्यावर कुठेही बोट ठेवून विचारा: इथे फांदी पडली, तर कोणाचे दिवे जातील आणि त्यांतले कोणाचे जायला नको होते?