वस्तीतली लेक डॉक्टरांच्या परिषदेत

गेल्या रविवारी बुद्धवंदना झाली तरी विहारातून कोणी उठले नाही. आपल्या वस्तीतली एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी लेक महाबळेश्वरहून परत आली होती आणि हिशेब द्यायला उभी राहिली होती. एक हिशेब आपण सर्वांनी काढलेल्या वर्गणीचा, दुसरा तिथे काय पाहिले-ऐकले त्याचा. पैशाचा हिशेब पाच मिनिटांत संपला. दुसऱ्याला दीड तास लागला. यावेळचे आरोग्य पान त्या दीड तासावर लिहिले आहे.

डॉक्टरांची परिषद म्हणजे काय, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हते. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या गावचे डॉक्टर एकत्र येतात, कोणाला कोणत्या आजारात काय आढळले ते मांडतात, त्यावर प्रश्न विचारतात. विद्यार्थ्यांना मंचावर बोलायला सहसा मिळत नाही. त्यांनी आपला अभ्यास एका मोठ्या कागदावर मांडून भिंतीला लावायचा आणि परीक्षक आले की दोन-चार मिनिटांत सांगायचा. त्याला पोस्टर म्हणतात. अशा परिषदा थंड हवेच्या ठिकाणी का भरवतात, असे आम्ही विचारले. ती हसली. "डॉक्टरलोक घरच्यांनाही फिरायला आणतात," म्हणाली.

तिच्या पोस्टरचा विषय होता सिकलसेल. तिच्या मोठ्या भावाला हा आजार आहे. लहानपणी त्याला मध्यरात्री पाठीवर घेऊन दवाखान्यात पळणारी तिची आई आम्ही पाहिली आहे. म्हणून तिने दोन वस्त्यांतल्या आयांशी, त्यांची परवानगी घेऊन, एकाच गोष्टीबद्दल बोलून घेतले: रक्त तपासल्याचे कार्ड घरात असते, मग सोयरीक जुळवताना ते पेटीतून बाहेर का निघत नाही?

निघताना आईने आपली शाल तिच्या पिशवीत कोंबली. "तिकडे लय थंडी हाय म्हन्ते, ने." कोट एका मैत्रिणीचा, बूट मावसबहिणीचे. नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने दुसऱ्या दिवशी सातारा. तिथून एसटी निघायला वेळ होता, तेव्हा ती रिक्षा करून राजवाड्याजवळच्या शाळेसमोर जाऊन उभी राहिली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोट्या भीमरावांचे नाव याच शाळेत दाखल झाले होते. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. आत जायला मिळाले नाही. फाटकावरून जयभीम करून ती परत स्टँडवर आली. हा खर्च, रिक्षाचे भाडे, तिने हिशेबात वेगळा दाखवला होता. आम्ही तो मंजूर केला.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार फूट उंच आहे. हिवाळ्यात पहाटे हातपाय गारठतात. पहिल्याच सकाळी शाल पांघरून सभागृहाकडे चालताना तिच्या मनात आले की भावाला सोबत आणले असते तर या गारठ्याने त्याचे सांधे धरले असते. ज्या आजारात थंडी सोसवत नाही त्याची चर्चा थंडीच्या गावी. तिने हे सांगितले तेव्हा विहारात हशा झाला, पण तिची आई हसली नाही.

गारठा का बाधतो, ते तिने फळ्यावर काढून दाखवले. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात, बारीक नळीतूनही वाकून निघून जातात. सिकलसेल असलेल्या माणसाच्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या एकमेकींत अडकतात, रक्त पुढे जात नाही आणि असह्य वेदना उठतात. थंडीने नसा आकसतात म्हणून अडकणे वाढते. पाणी कमी प्यायले, ताप आला, अंगावर झेपणार नाही इतके काम केले, तरी तेच होते. फार उंच डोंगरावर हवा विरळ असते. लेह-लडाखसारख्या ठिकाणी जायचे झाले तर अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नये. महाबळेश्वरला उंचीपेक्षा थंडीची भीती जास्त.

आता पोस्टरची गोष्ट. एक वयस्क परीक्षक आले, कागद वाचला, तिच्या गळ्यातल्या पट्टीवरचे आडनाव वाचले आणि म्हणाले, "हा तुमच्याच लोकांचा आजार ना?" त्यांचा हेतू वाईट नसेलही. तिचे तोंड कोरडे पडले. मग तिने सांगायला सुरुवात केली. हा दोष आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राकाठच्या देशांत आहे. आपल्या देशात १९५२ साली नीलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींच्या रक्तात त्याची नोंद झाली. ज्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा दोष टिकला, कारण आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या मुलाचा जीवघेण्या मलेरियापासून बराच बचाव होतो. विदर्भात तो आदिवासींत आणि आपल्यात जास्त दिसतो हे खरे. पण रक्ताला जात कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी एकाच कुंपणात झाल्या म्हणून दोष त्या कुंपणातच फिरत राहिला. कुंपण घालणारे कोण, हा वेगळा प्रश्न.

आणि मग ती म्हणाली, "सर, ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याने निबंध वाचला होता. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याने, हे त्याने तिथे मांडले. तेव्हा त्याचे वय पंचवीस होते." परीक्षकांनी विद्यार्थ्याचे नाव विचारले नाही, त्यांना ते समजले होते. तिला बक्षीस मिळाले नाही. चहाच्या वेळी मात्र तेच गृहस्थ दोन तरुण डॉक्टरांना घेऊन पुन्हा पोस्टरजवळ आले आणि आयांनी काय सांगितले ते नीट वाचून गेले.

आयांनी काय सांगितले? सगळ्यांनी जवळपास एकच: कार्ड दाखवले तर मुलीचे लग्न मोडते. मुलाचे मोडत नाही, मुलीचे मोडते. यावर आम्हाला थोडे थांबायचे आहे, कारण हे आपल्या घरातले आहे, महाबळेश्वरच्या सभागृहातले नाही.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. आई किंवा बापाकडून एकच दोष आला तर माणूस वाहक असतो. त्याला सहसा काही त्रास होत नाही, औषध लागत नाही, तो कष्ट करतो, संसार करतो. दोन्हीकडून दोष आला तरच आजार. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, अगदी निर्दोष होण्याची चारात एक. हे दर खेपेला नव्याने. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. एक जण वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर कोणत्याच मुलाला हा आजार होत नाही. मग वाहक मुलीचे लग्न मोडायचे कारण काय? मुलाचे कार्ड आधी मागा. आजारी मूल झाल्यावर सुनेला बोल लावणाऱ्या सासूने आपल्या मुलाचे रक्त तपासले आहे का, हेही विचारा. दोघे वाहक निघाले आणि तरी लग्न करायचे असेल तर गरोदर राहिल्याबरोबर मोठ्या सरकारी रुग्णालयात जावे. बाळाची पोटातच तपासणी होऊ शकते.

तपासणीबद्दल एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. शिबिरात बोटाच्या रक्ताची जी झटपट चाचणी होते ती बऱ्याचदा दोष आहे एवढेच सांगते. वाहक की आजारी, हे पुढच्या चाचणीत पक्के कळते. तिला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी म्हणतात. पहिल्या चाचणीवर घाबरूही नका, थांबूही नका. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे त्याचे उद्दिष्ट आहे. परिषदेत यावर भाषण झाले तेव्हा एका डॉक्टरांनी तक्रार केली की लोक शिबिराला येत नाहीत. आपली लेक मागच्या रांगेतून उठली. "शिबिर कामाच्या दिवशी अकरा वाजता असते. रोजी बुडवून कोण येणार? रविवारी विहारात लावून बघा." टाळ्या पडल्या नाहीत, पण व्यासपीठावरच्या बाईंनी ते लिहून घेतले.

ज्यांच्या घरी आजारी मूल आहे त्यांच्यासाठी: हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधाने वेदनेचे झटके बरेच कमी होतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायचे. फॉलिक ॲसिड चालू ठेवा, लसी चुकवू नका, शाळेच्या दप्तरात पाण्याची बाटली हवीच. रक्त कमी दिसते म्हणून दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून देऊ नका, या आजारात त्या सरसकट लागत नाहीत. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखले, धाप लागली, पोट डाव्या बाजूला अचानक फुगले किंवा एक हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट बघू नका. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

ती बोलायची थांबली तेव्हा अंधार पडला होता. तिने आणलेल्या स्ट्रॉबेरी पोरांनी केव्हाच संपवल्या होत्या. चपला घालता घालता एक बाई घरी गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक जुने कार्ड घेऊन परत आल्या. त्यांच्या मुलीची बोलणी चालू आहेत. कार्ड लेकीच्या हातात देत त्या म्हणाल्या, "वाच बाई, काय लिवलं हाय थे. अन् त्या पोराचं कसं मागू, थे बी सांग."