कापसाच्या नदीवर चाकाची बोट

न्यू ऑर्लीन्सहून मेम्फिसला गाडीनं निघालं, तर साधारण साडेसहाशे किलोमीटरचा, सहा तासांचा रस्ता आहे. तोच प्रवास मिसिसिपी नदीतून केला तर हजार किलोमीटरच्या वर जातो आणि पर्यटकांची बोट त्याला आठवडा लावते. नदी इथे सरळ वाहतच नाही. पूर्वेकडे वळते, मागे फिरते, पुन्हा दक्षिणेला लागते. एवढा वळसा घ्यायला लोक मुद्दाम पैसे मोजतात, त्यामागे केवळ निवांतपणाची हौस नाही. या काठावरची जुनी गावं महामार्गाच्या जन्माआधी दीडशे-दोनशे वर्षं नदीकडे तोंड करून वसली. गाडीनं येणारा पाहुणा त्यांच्या परसदारी उतरतो. बोटीनं येणारा समोरच्या दारानं आत येतो आणि हे गाव इथेच का वसलं, त्याला इतका पैसा कुठून आला, याची उत्तरं त्याला धक्क्यापासूनच मिळू लागतात.

बोटीचा आकारही नदीनंच ठरवला. मिसिसिपी गाळाची नदी. तिच्या पात्रात वाळूचे दांडे सरकत राहतात आणि काठ ढासळून उन्मळलेली झाडं पाण्याखाली दबा धरून बसतात. म्हणून इथली बोट सपाट तळाची, पाण्यात जेमतेम काही फूट बुडणारी आणि वर मजल्यावर मजले चढवलेली. खोल पाणी लागणारा स्क्रू इथे अडचणीचा होता. रहाटासारखं फिरणारं मोठं लाकडी चाक मात्र उथळ पाण्यातही बोट रेटत असे. चाक मागच्या बाजूला बसवलं की पुढून येणाऱ्या ओंडक्यांपासून ते बचावतं. पातं मोडलंच, तर काठाला लागून नवी फळी ठोकता येई.

या नदीवरची पहिली आगबोट ‘न्यू ऑर्लीन्स’ ऑक्टोबर 1811 मध्ये पिट्सबर्गहून निघाली. ती बांधून घेणारे निकोलस रूझवेल्ट आणि त्यांची गरोदर पत्नी लिडिया दोघंही बोटीवर होते. वाटेत लुईव्हिलला लिडिया बाळंत झाली. ओहायो नदीच्या धबधब्यांपाशी पाणी चढण्याची वाट पाहत बोट थांबली. पुढे डिसेंबरात न्यू माद्रिदचे भयंकर भूकंप झाले, काठ कोसळले, बेटं नाहीशी झाली. तरीही जानेवारी 1812 मध्ये बोट न्यू ऑर्लीन्सला पोहोचली आणि नंतर न्यू ऑर्लीन्स ते नॅचेझ अशी ये-जा करू लागली.

या बोटींनी खरी क्रांती केली ती प्रवाहाच्या उलट दिशेनं. खाली जाणं नेहमीच सोपं होतं. लाकडी तराफ्यावर माल लादायचा, न्यू ऑर्लीन्सला विकायचा, तराफा मोडून त्याची लाकडंही विकायची आणि घरी पायी परतायचं. वर माल न्यायचा तर वल्ही, लांब काठ्या आणि दोर यांच्या जोरावर लुईव्हिल गाठायला तीन-चार महिने जात. 1815 मध्ये ‘एंटरप्राइझ’ या आगबोटीनं ते अंतर 25 दिवसांत तोडलं. 1853 मध्ये ‘एक्लिप्स’ला साडेचार दिवसही लागले नाहीत. कष्टाची उलटी वाट रोजच्या व्यापाराची झाली आणि काठावरची गावं भराभर वाढली.

या वेगाची किंमतही मोठी होती. बॉयलर फुटत, लाकडी डेकना आग लागे, बुडालेली झाडं तळ फाडत. बोटीचं सरासरी आयुष्य पाच वर्षांच्या आसपासच असे. हेन्री श्रीव्ह यांनी 1829 मध्ये ‘हेलिओपोलिस’ ही झाडं उपसणारी खास बोट पाण्यात उतरवली, तेव्हा मार्ग जरा निर्धोक झाला. तरी पायलटला शेकडो मैलांची नदी तोंडपाठ लागे, तीही रात्रीची, धुक्यातली, चढत्या आणि उतरत्या पाण्यातली. होरेस बिक्स्बी या पायलटानं सॅम्युएल क्लेमेन्स नावाच्या तरुणाला हे सारं शिकवण्याची फी 500 डॉलर ठरवली होती. क्लेमेन्सना 1859 मध्ये परवाना मिळाला. पुढे ते मार्क ट्वेन म्हणून जगाला माहीत झाले आणि 1883 च्या ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ या पुस्तकात त्यांनी ही उमेदवारी सविस्तर लिहिली.

रेल्वे आली आणि आगबोटींचा धंदा बसला. आज या नदीवर मुक्कामी सफरी करणाऱ्या चाकाच्या बोटी मोजक्याच उरल्या आहेत. 1927 ची ‘डेल्टा क्वीन’ 2008 पासून मुक्कामी प्रवासी नेत नाही. ‘अमेरिकन क्वीन’ चालवणारी कंपनी फेब्रुवारी 2024 मध्ये बंद पडली. सध्या ‘अमेरिकन क्रूझ लाइन्स’च्या काही बोटी चाकांसह धावतात, पण आत वाफेऐवजी डिझेल आहे. प्रवासी दीड-पावणेदोनशेच्या आसपास, म्हणजे समुद्रावरच्या महाकाय क्रूझच्या मानानं अगदी थोडे. भाडं मात्र माणशी काही हजार डॉलरच्या घरात जातं. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेणारं जहाज अमेरिकेतच बांधलेलं असावं, असा 1886 चा कायदा आहे. त्यामुळे परदेशात स्वस्तात बांधलेली बोट इथे आणता येत नाही. या महागाईचं ते एक मोठं कारण आहे.

सफर सुरू होते न्यू ऑर्लीन्सला. फ्रेंचांनी 1718 मध्ये वसवलेल्या या शहराचा जुना भाग, फ्रेंच क्वार्टर, धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बोट सुटल्यावर पहिले काही तास पाहणाऱ्याची समजूत मोडणारे असतात. चित्रातली हिरवी किनार इथे नाही. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध आणि त्यांच्यावर डोकावणारी तेलशुद्धीकरण व रसायनांच्या कारखान्यांची धुराडी दिसतात. बॅटन रूजपर्यंतच्या या पट्ट्यात काठावर राहणारी माणसं, त्यांत गुलामीतून सुटलेल्यांचे अनेक वंशज, प्रदूषणाविरुद्ध वर्षानुवर्षं लढत आहेत. याच जमिनींवर पूर्वी उसाचे मळे होते.

त्यांतले दोन मळे एकापाठोपाठ एक पाहावेत. ओक अ‍ॅली इथे 28 जुन्या ओक वृक्षांची दुतर्फा रांग नदीकडून थेट 1839 मध्ये पुऱ्या झालेल्या खांबांच्या वाड्यापर्यंत जाते. अमेरिकेतल्या सर्वाधिक छायाचित्रित जागांत ती मोडते. याच मळ्यावर अँतुआन नावाचा गुलाम माळी होता. 1840 च्या दशकात त्यानं पेकन झाडांची यशस्वी कलमं बांधली. पुढे ‘सेंटेनिअल’ नावानं गाजलेली ही जात पेकनच्या व्यापारी बागायतीचा पाया ठरली, पण त्या माळ्याचं आडनावही नोंदीत नाही. काही किलोमीटरवरचं व्हिटनी हे डिसेंबर 2014 पासून गुलामांच्या आयुष्याला वाहिलेलं संग्रहालय आहे. तिथे वाड्याला दुय्यम जागा असून नावं कोरलेल्या भिंती, खोपटी आणि मुलांचे पुतळे यांना अग्रक्रम आहे. बोटीच्या कार्यक्रमात व्हिटनी नसेल, तर न्यू ऑर्लीन्सहून वेगळा अर्धा दिवस काढून ते पाहायलाच हवं.

बॅटन रूजला 1932 चं 34 मजली विधिमंडळ पाहून पुढे निघालं की कारखाने सरतात आणि पाण्याकाठी झाडी लागते. मग पूर्वेकडे उंच कडा दिसू लागतो. त्या कड्यावर नॅचेझ आहे.

1716 च्या फ्रेंच किल्ल्यापासून वाढलेलं हे गाव कापसावर श्रीमंत झालं. यादवी युद्धात नॅचेझ फारशी लढाई न होता शरण आलं, म्हणून इथले बंगले शाबूत राहिले. 1932 पासून दर वसंतात त्यांतले बरेचसे पाहुण्यांसाठी उघडले जातात. सर्वांत बोलका बंगला लाँगवूडचा. हॉलर नट या जमीनदारानं 1860 मध्ये तो अष्टकोनी, 32 खोल्यांचा, वर कांद्याच्या आकाराचा घुमट असा बांधायला घेतला. 1861 मध्ये युद्ध पेटलं आणि उत्तरेकडचे कारागीर काम टाकून घरी गेले. तळघरातल्या नऊ खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या. कुटुंब तिथेच राहिलं, वरचे मजले आजही उघड्या विटांचे आहेत. गावाच्या दुसऱ्या टोकाला ‘फोर्क्स ऑफ द रोड’ हा तिठा आहे. दक्षिणेत न्यू ऑर्लीन्सखालोखाल माणसांची सर्वांत मोठी विक्री इथे चाले. 2021 पासून ही जागा राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. घुमट आणि हा तिठा एकाच दिवशी पाहिले, की एकाचा पैसा दुसऱ्यातून आला हे वेगळं सांगावं लागत नाही.

नॅचेझच्या त्या अर्धवट भिंतींचा मुंबईशी थेट संबंध आहे. युद्धाआधी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जाई. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली, मिसिसिपीतली वाहतूक तुटली आणि लँकेशायर हिंदुस्थानी कापसाकडे वळलं. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, बॅंका आणि समुद्र भरून काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, बॅकबेच्या शेअरवर उड्या पडल्या. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव गडगडले. 1 जुलै 1865 ला वायद्यांची मुदत भरली तेव्हा घरंच्या घरं बुडाली. सट्ट्याचे म्होरके प्रेमचंद रायचंद यांनी तेजीत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला, तो 1878 मध्ये पुरा झाला. मिसिसिपीकाठी याच युद्धानं एक घुमट रिकामा ठेवला आणि मुंबईत एक मनोरा उभा केला.

त्या युद्धाचा निर्णायक अध्याय पुढच्या मुक्कामी, व्हिक्सबर्गला घडला. नदीच्या वळणावरचं हे उंच गाव ज्याच्या हाती, त्याच्या हाती मिसिसिपी. उत्तरेच्या जनरल ग्रँटनी मे 1863 मध्ये त्याला वेढा घातला. 47 दिवस गोळे पडत राहिले, नागरिक टेकडीत खणलेल्या गुहांत राहिले आणि 4 जुलैला गाव शरण आलं. आता तिथे राष्ट्रीय लष्करी उद्यान आहे. त्यात ‘यूएसएस कैरो’ ठेवली आहे. लोखंडी चिलखत चढवलेली ही लढाऊ बोटही चाकावरच चाले, पण ते तोफांपासून वाचावं म्हणून सांगाड्याच्या आत दडवलं होतं. 12 डिसेंबर 1862 ला याझू नदीत विजेच्या तारेनं उडवलेल्या सुरुंगानं ती बारा मिनिटांत बुडाली, पण एकही माणूस दगावला नाही. शंभर वर्षं गाळात राहिल्यावर 1964 मध्ये तिला वर काढलं, तेव्हा खलाशांची भांडी आणि सामानही सापडलं. चाकाच्या बोटीनं आलेल्यानं ही बोट चुकवू नये. तिच्या उघड्या सांगाड्यात बॉयलर, यंत्र आणि चाक यांची सगळी जुळणी समोर दिसते.

ज्या नदीसाठी एवढं रक्त सांडलं, ती पुढे गावालाच सोडून गेली. एप्रिल 1876 मध्ये मिसिसिपीनं एका पुरात वळण तोडलं आणि व्हिक्सबर्गचा धक्का कोरडा पडला. 1903 मध्ये याझूचं पाणी कालव्यानं वळवून आणलं, तेव्हा गावाला पुन्हा नदीकाठ मिळाला. आज पर्यटकांची बोट धक्क्याला लागते ती याच कालव्यातून.

व्हिक्सबर्गच्या वर डेल्टाचा सपाट प्रदेश लागतो आणि काठावरचे बांध कशासाठी आहेत ते कळतं. 1927 च्या वसंतात ग्रीनव्हिलजवळचा बांध फुटला. साऱ्या खोऱ्यात मिळून सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले आणि त्यांत कृष्णवर्णीय शेतमजुरांचे हाल सर्वाधिक झाले. पुढच्याच वर्षी संसदेनं पूरनियंत्रणाची जबाबदारी केंद्राकडे घेतली. आजच्या बांधांचा पसारा त्या कायद्यातून वाढला.

मेम्फिसच्या जरा वर नदीतली सर्वांत मोठी दुर्घटना घडली. ‘सुलताना’ या बोटीची क्षमता 376 होती, पण 27 एप्रिल 1865 च्या रात्री तिच्यावर दोन हजारांहून अधिक माणसं होती. त्यांतले बहुतेक दक्षिणेच्या तुरुंगांतून सुटून घरी निघालेले सैनिक होते. व्हिक्सबर्गला घाईनं ठिगळ लावलेल्या बॉयलरनं दगा दिला आणि अकराशेहून अधिक लोक मेले. लिंकन यांच्या हत्येच्या बातम्यांत ही बातमी झाकोळून गेली.

मेम्फिसला बोट सोडल्यावर लगेच विमानतळ गाठू नये, एक जादा दिवस राखावा. फ्रंट स्ट्रीटजवळ कापूस बाजाराच्या जुन्या दालनात कापसाचं संग्रहालय आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिल 1968 ला हत्या झाली, त्या लोरेन मोटेलमध्ये 1991 पासून नागरी हक्कांचं संग्रहालय आहे. नदीकाठी सगळीकडे दिसलेल्या गोष्टीचा पुढचा भाग तिथे वाचायला मिळतो.

ऋतू निवडायचा तर मार्च-एप्रिल उत्तम. हवा सौम्य असते आणि नॅचेझचे बंगले उघडे असतात. उन्हाळ्यात दमट उकाडा असतो. शरद ऋतूत पाणी उतरतं. 2022 च्या ऑक्टोबरात ते इतकं खाली गेलं, की काही सफरींचे मार्ग बदलावे लागले. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना आठवड्याचं भाडं जड वाटलं, तरी चाकाची बोट हुकत नाही. न्यू ऑर्लीन्सला ‘नॅचेझ’ नावाची 1975 ची बोट खरोखरच्या वाफेवर दोन तासांची फेरी मारते. तिची यंत्रं 1925 मध्ये बनलेल्या एका जुन्या बोटीतली आहेत आणि यंत्रघरात प्रवाशांना उतरू देतात. ओहायो नदीवर लुईव्हिलला 1914 ची ‘बेल ऑफ लुईव्हिल’ अजून चालते. दोन तासांची फेरी आणि मग गाडीनं नॅचेझ व व्हिक्सबर्ग, असा चार दिवसांचा बेत निम्म्याहून कमी खर्चात बसतो. फक्त त्या गावांत शिरताना आधी धक्क्यावर उतरावं आणि तिथून चढ चढत गावात जावं.