निवृत्तीची तारीख एकच नसते

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात औंधाला यमाईच्या दर्शनाला येणारे बरेच जण डोंगराच्या उतारावरचं श्रीभवानी संग्रहालयही पाहून जातात. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये ते उभं केलं. त्याच वर्षी, सत्तरी गाठताना, त्यांनी ७२ गावांच्या आपल्या संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती सोपवायचं जाहीर केलं. १९३९ च्या जानेवारीत स्वराज्याची घटना आली. तिच्यामागे महात्मा गांधींचा सल्ला होता, पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचे कष्ट होते आणि विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेले चिरंजीव अप्पासाहेब यांची उमेद होती. बाळासाहेब गादीवर राहिले, पण हुकूम चालवण्याचा अधिकार त्यांनी सोडला. कीर्तन, चित्रकला आणि सूर्यनमस्काराचा प्रसार मात्र त्यांनी सोडला नाही. १९५१ च्या एप्रिलमध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, ते गेले.

निवृत्तीबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणी उगवतात, आणि ते या उदाहरणात स्वच्छ दिसतं. पदाचा अधिकार, पगार, काम आणि घर-जमिनीवरचा ताबा या चार वेगळ्या गोष्टी आहेत. निरोप समारंभाच्या दिवशी त्या चारही एकदम सुटतात असं आपण धरून चालतो. बाळासाहेबांनी पहिलीच तेवढी सोडली, तीही हातपाय चालत असताना आणि पुढची माणसं तयार झाल्यावर.

‘साठी आली म्हणजे वय झालं’

साठ किंवा पासष्ट हा आकडा शरीरशास्त्रातून आलेला नाही. जर्मनीच्या बिस्मार्कने स्वतःच्या वयावरून ६५ ठरवलं, अशी एक गोष्ट फार सांगितली जाते. ती चुकीची आहे. जर्मनीचा १८८९ चा कायदा ७० व्या वर्षी वृद्धापकाळाचं वेतन देत होता आणि बिस्मार्क तेव्हा ७४ वर्षांचा होता. ते वय ६५ वर आलं १९१६ मध्ये. आपल्याकडे केंद्र सरकारने १९९८ मध्ये ५८ चे ६० केले. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ते अजून ५८ च आहे. एकाच चाळीतले, एकाच वयाचे दोन शेजारी, एक टपाल खात्यातला आणि दुसरा तहसील कचेरीतला, दोन वर्षांच्या अंतराने ‘म्हातारे’ होतात. हा आकडा सरकारच्या सोयीचा आहे, तब्येतीचा नव्हे.

सातारा जिल्ह्याला हे निराळं समजावून सांगायला नको. इथला फौजी पस्तिशी-चाळिशीत ‘रिटायर होऊन’ गावी येतो, मुलं अजून शाळेत असतात, आणि तो बँकेत सुरक्षारक्षक म्हणून लागतो किंवा शेतीला हात घालतो. त्याला कोणी म्हातारा म्हणत नाही.

आणखी एक हिशेब हमखास चुकतो. भारतीयांचं सरासरी आयुष्य ७० वर्षं, म्हणजे साठीनंतर दहाच वर्षं उरली, असं लोक धरतात. सत्तर हा आकडा जन्माच्या वेळचा आहे आणि त्यात लहानपणी दगावलेलीही मोजली जातात. जो साठीपर्यंत पोहोचला, त्याच्यापुढे देशात सरासरी अठराएक वर्षं असतात, बाईपुढे त्याहून जास्त. दहा वर्षांची तजवीज करून बसलेल्या माणसाची अडचण अकराव्या वर्षी सुरू होते, आणि ती बहुतेकदा त्याच्या मागे राहिलेल्या बायकोच्या वाट्याला येते.

‘पेन्शन लवकर सुरू केली की फायदाच’

किर्लोस्करवाडी ही औंध संस्थानातच १९१० मध्ये वसलेली कारखान्याची वसाहत. या पट्ट्यातले कारखाने, सूतगिरण्या, साखर कारखाने यांतल्या कामगारांची पेन्शन बहुतांशी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मधून येते. ती ५८ ला पूर्ण मिळते. दहा वर्षं सेवा झाली असेल आणि नोकरी सुटली असेल, तर पन्नाशीपासूनही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांची, दर वर्षामागे ४ टक्के कपात होते. ही कपात ५८ पूर्ण झाल्यावर भरून निघते असं पुष्कळांना वाटतं. ती मरेपर्यंत राहते. पाच वर्षं आधी उचललेली पेन्शन सुमारे पाचव्या हिश्शाने कायमची रोडावलेली असते. उलट ५८ नंतर ६० पर्यंत थांबलं, तर दर वर्षी ४ टक्के वाढ मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पगार चाळीस हजार होता म्हणून पेन्शन वीस हजार येईल, हाही गैरसमज. ज्यांची वर्गणी पूर्ण पगारावर गेलेली नाही, त्यांचा हिशेब सध्या जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरूनच होतो, आणि सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या वर्षांना तर ६,५०० ची मर्यादा लागते. पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पस्तीस वर्षं धरली तरी ७,५०० च्या वर जात नाही. हा गुणाकार पंचेचाळिशीत करून पाहावा. सत्कार झाल्यावर करून काहीच बदलत नाही.

सरकारी नोकराच्या बाबतीत ‘पेन्शन विकली की गेली’ असं म्हणतात. खरं असं की ४० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी घेता येतो, १५ वर्षांनी तो पुन्हा चालू होतो, आणि महागाईवाढ मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहते.

‘काम करत राहिलं की माणूस ठणठणीत राहतो’

याला औंधातला दाखला म्हणून पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचं नाव निघतं. लाहोरला चित्रकार म्हणून जम बसलेला हा माणूस पन्नाशी ओलांडताना, १९१८ मध्ये औंधात आला आणि स्वाध्याय मंडळ उभारून वेदांच्या संशोधन-प्रकाशनाला लागला. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, सगळं आवरून गुजरातेत पारडीला गेला आणि तिथे पुन्हा काम मांडलं. १९६८ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी जुलैत, शंभरी पार करून, ते वारले.

हे चरित्र मला अतिशय प्रिय आहे. तरीही ते कोणाच्या डोक्यावर मारू नये. सातवळेकरांचं काम त्यांनी स्वतः निवडलेलं होतं आणि सूर्यनमस्काराची शिस्त अंगात मुरलेली होती. याच जिल्ह्यातून मशीद बंदरला आणि वाशीच्या बाजारात गेलेल्या माथाडी कामगाराने तीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. त्याला ‘कामात राहा’ सांगणं निर्दयपणाचं आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाचा हक्क मिळाला तो यासाठीच, की त्याला थांबता यावं. काम सोडून पश्चात्ताप होईल का, हे ते काम शरीराला काय करतं यावर ठरतं.

आणि घरातल्या बाईचं? नवरा निवृत्त झाला की तिचे दोन चहा आणि एक जेवण वाढतं. निवृत्तीचा दिवस ठरवताना तिला विचारलंच जात नाही. नंतरच्या कुरबुरींपैकी कितीतरी इथूनच निघतात.

‘गावी जाऊ, शेती करू’

खटाव-माण हा पर्जन्यछायेतला मुलूख. शेती इथे निवृत्तीनंतरचा विरंगुळा होऊ शकत नाही, ती रोज उभं राहायला लावते. औंधापासून साताऱ्याचं मोठं रुग्णालय चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. बंगला बांधायच्या आधी एक उन्हाळा आणि एक आजारपण गावात काढून पाहावं. शहरातलं घर त्या वर्षात विकू नये.

‘योग्य वेळी थांबलं तर रुखरुख उरत नाही’

उरते. ‘अजून दोन वर्षं करायला हवी होती’ आणि ‘पाच वर्षं आधीच सुटायला हवं होतं’ ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी एकाच आठवड्यात येऊ शकतात, आणि दोन्ही खरी असतात. अशा वेळी रुखरुख नेमकी कशाची, हे शोधावं. पैशाची असेल तर ती आधी मोजता येण्याजोगी होती आणि अजूनही अंशकालीन कामाने थोडी भरून निघते. खुर्चीची असेल, तर दोन वर्षं जास्त बसून ती दोन वर्षं पुढे गेली असती इतकंच. आईवडिलांपाशी किंवा मुलांपाशी बसायचं राहिलं याची असेल, तर तिचा निवृत्तीच्या तारखेशी संबंधच कमी. ती नोकरीतल्या रविवारांमध्ये घडलेली असते.

घर हातचं गेल्याच्या रुखरुखीला मात्र खरोखर फार थोडे उपाय उरतात. निवृत्तीच्या उमाळ्यात घर-जमीन मुलांच्या नावावर केली की जबाबदारी संपली, असं वाटतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ साठीपुढच्या माणसाला प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून असं बक्षीसपत्र रद्द करून घेऊ देतं, पण ते दिलं होतं सांभाळण्याच्या अटीवर, हे दाखवावं लागतं. ‘माझा व माझ्या पत्नीचा हयातीपर्यंत सांभाळ आणि राहण्याचा हक्क’ एवढी ओळ दस्तात असली, तर ते दाखवणं सोपं जातं. ती ओळ नोंदणीच्या आधीच लिहून घ्यावी. आणि मृत्युपत्राने भागत असेल, तर बक्षीसपत्र करूच नये.