रंग भिंतीला, वास घराला

दसरा-दिवाळी तोंडावर आली, की घरात रंगाचा विषय निघतोच. हॉलला फिकट पिवळा की पिस्ता, मुलांच्या खोलीला निळा की आणखी काही? छटांचे कार्ड घेऊन दोन-दोन संध्याकाळी चर्चा चालते. रंगारी ठरतो, भाव ठरतो, सामान कुठे हलवायचे तेही ठरते. ठरत नाही ती एकच गोष्ट : रंगाचा वास घराबाहेर जायचा कुठून?

मीही ते कधी ठरवले नव्हते. दोन वर्षांपूर्वी झोपायच्या खोलीत नवे कपाट करून घेतले. रंगारी म्हणाला, "ताई, ब्रशचे ओरखडे दिसतात. मशीननं मारतो, आरशासारखं होईल बघा." आरशासारखं म्हटल्यावर कुणाला नको असतं? दुपारी तो कॉम्प्रेसर घेऊन आला. बरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा त्याचा भाचा. आल्या आल्या त्याने खोलीच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. "धूळ बसते, ताई, ओल्या रंगावर." खोलीचे दारही लोटले. मी मनात म्हटले, बरेच झाले, वास तिथल्या तिथे राहील.

मी स्वयंपाकघरात भजी तळत होते. धूर नको म्हणून खिडकीवरचा एक्झॉस्ट पंखा सुरू होता. अर्ध्या तासात असा उग्र दर्प आला, की जणू थिनरचा डबा माझ्या ओट्यावरच उघडलाय! दिवेलागणीची वेळ झालेली, सासूबाई काड्यापेटी हातात घेऊन देवघराशी उभ्या. तेवढ्यात खोलीचे दार उघडून तो मुलगा भिंतीला धरत बाहेर आला आणि मटकन खाली बसला. डोळे लाल, तोंडाला हातरुमाल बांधलेला. "डोकं गरगरतंय, काकू," एवढंच म्हणाला.

मी आधी गॅस बंद केला. "आई, दिवा राहू द्या आत्ता," म्हणून ओरडले. मुलाला गॅलरीत नेऊन बसवले, घरातली सगळी दारे-खिडक्या उघडली. मोकळ्या हवेत थोड्या वेळाने त्याला बरे वाटले. त्या दिवशी काम तिथेच थांबले.

पण एक कोडे मला रात्रभर सुटेना. दार बंद, खिडक्या बंद, मग वास स्वयंपाकघरात आला कसा? सकाळी मी पतंगाच्या कागदाची एक पट्टी कापली. बंद दाराच्या खालच्या फटीशी धरली. काही हालचाल नाही. मग एक्झॉस्ट लावून पुन्हा धरली, तर पट्टी माझ्याकडे फडफडू लागली! म्हणजे हवा त्या खोलीतून बाहेर येत होती. माझा पंखाच तो वास ओढून गॅसच्या शेगडीपर्यंत आणत होता.

हवेला वाट हवी, दोन्हीकडून

एक्झॉस्ट काय किंवा चिमणी काय, जितकी हवा बाहेर टाकते तितकी कुठून तरी आत यावीच लागते. खिडक्या बंद असल्या, तर ती दाराखालच्या फटींतून येते. म्हणून रंग चालू असताना स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद, हा पहिला नियम.

दुसरे, एकच खिडकी उघडून भागत नाही. हवा एका बाजूने आत यायला हवी आणि समोरच्या बाजूने बाहेर जायला हवी. छताचा पंखा हवा नुसती ढवळतो, घालवत नाही. आपल्या घरांतला साधा ए. सी. तर खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा तिथेच सोडतो. कुणी खोलीत पाण्याची बादली ठेवते, कुणी चिरलेला कांदा, कुणी उदबत्ती लावते. बादली आणि कांद्याने वाफ घराबाहेर जात नाही. उदबत्तीने एक वास दुसऱ्याखाली झाकला जातो, आणि वर घरात निखारा आला तो वेगळाच.

थिनरचा रंग गच्चीवर

रंगांत मुख्य जाती दोन : पाण्यात कालवायचे आणि थिनर किंवा टर्पेंटाइनमध्ये कालवायचे. दुसऱ्या जातीत ऑइल पेंट, लाकडाची बरीचशी पॉलिशे आणि कपाटांवर मारतात ते चकचकीत रंग येतात. ते वाळतात म्हणजे त्यांतले थिनर उडून हवेत जाते. ब्रशने हे काम सावकाश होते. मशीनने मात्र रंगाचे बारीक धुके होते, त्यातले पुष्कळसे कपाटावर न बसता हवेतच राहते आणि थिनरही एकदम उडते.

ही वाफ हवेपेक्षा जड. हवा हलत नसेल, तर ती आधी जमिनीलगत साचते, म्हणजे रांगते बाळ जिथे असते तिथेच. शिवाय ती पेट घेते. समईची ज्योत, गॅसची शेगडी, काड्यापेटी, एवढेच काय पण बटण दाबताना उडणारी बारीकशी ठिणगीही पुरते. साध्या पंख्याच्या मोटारीतही अशी ठिणगी उडू शकते. म्हणून अशा वाफेत पंखा लावून ती ओढून काढायचा प्रयत्न करू नये.

यावर सोपा उपाय म्हणजे थिनरच्या रंगाची फवारणी राहत्या घरात करूच नये. कपाटाची दारे बिजागऱ्यांवरून उतरतात, ड्रॉवर निघतात. ती गच्चीवर किंवा मोकळ्या शेडमध्ये नेऊन मशीनने मारावीत आणि वास पुरता गेला, की आणून बसवावीत. कपाटाचा सांगाडा घरातच राहतो, तो पाण्यात कालवायच्या रंगाने ब्रशने करून घ्यावा. आम्ही पुढे तसेच केले. आमची दारे चार दिवस गच्चीवर होती, आणि आरशासारखीही झाली!

वास नाही म्हणजे धोका नाही?

"आमचा रंग पाण्याचा आहे, वाससुद्धा येत नाही," असे पुष्कळजणी म्हणतात. पाण्याचे रंग त्यातल्या त्यात बरे, हे खरेच. तरी एक हकिकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९८९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात चार वर्षांचा एक मुलगा आजारी पडला. पायांत गोळे, अंगावर पुरळ, दरदरून घाम, हातापायांची कातडी सोललेली, स्वभावही पार बदललेला. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या घराला आतून ६४ लिटर पाण्याचा रंग दिला होता. रंगाला बुरशी लागू नये म्हणून त्यात पाऱ्याचे औषध घातलेले होते. आणि वातानुकूलन चालू असल्यामुळे घराच्या खिडक्या बंद! पाऱ्याची वाफ घरात कोंडली. तिला काही वास नसतो. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, घरातल्या अशा रंगांत पारा घालणे तिथे बंद झाले.

यातून घ्यायचे ते एवढेच, की नाकावर विसंबू नये. एरवीसुद्धा आपले नाक वासाला लवकर सरावते. दिवसभर घरात असलेल्या बाईला 'आता काही वास नाही' असे वाटते आणि शाळेतून आलेला मुलगा दारातच नाक धरतो.

भिंतींचे काम निघाले, की

एका वेळी एकच खोली काढावी. खोली रिकामी करावी, अन्नधान्य, चहाची पूड, लोणी-तूप आधीच हलवावे. त्यांना वास चटकन लागतो.

पाण्याचा रंग असेल, तर खोलीच्या खिडकीत टेबलफॅन तोंड बाहेर करून ठेवावा. बाजूच्या मोकळ्या जागेला पुठ्ठा लावावा, नाहीतर बाहेर टाकलेली हवा तिथूनच परत येते. खोलीच्या दारातून आणि घराच्या दुसऱ्या खिडक्यांतून ताजी हवा आत येऊ द्यावी. कागदाची पट्टी दारात धरून बघावी. ती खोलीकडे झुकली, की समजावे हवा बरोबर वाटेने चालली आहे.

खिडक्यांच्या ग्रिलना ऑइल पेंट द्यायचा, तर ब्रशनेच द्यावा, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या आणि त्या वेळात घरात ज्योत पेटवू नये. स्वयंपाक सकाळीच उरकावा.

रंगारी धुळीची तक्रार करील, आणि त्याचेही खोटे नसते. कामाआधी ओल्या फडक्याने फरशी पुसून घ्यावी, हवा आत येते त्या खिडकीवर विरळ मलमलीचा तुकडा ताणून बांधावा. त्याने धूळ अडते, हवा येत राहते.

रंग हाताला वाळला म्हणजे सगळे संपले असे नाही. पाण्याच्या रंगाच्या खोलीत निदान दोन-तीन दिवस हवा खेळती ठेवावी, ऑइल पेंटला त्याहूनही जास्त. गरोदर बाई, तान्हे मूल, दम्याचा माणूस यांनी तेवढे दिवस दुसरीकडे राहिलेले बरे. माहेरी जायला याहून चांगले निमित्त कोणते?

आणि तो रंगारी?

आपण दोन-चार दिवस वास सोसतो. तो रोज सोसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्येच रंगकामाचा व्यवसाय कर्करोगाला कारण ठरणाऱ्यांत धरला आहे. हातरुमाल किंवा साधा मास्क रंगाचे तुषार थोडेफार अडवील, वाफ नाही. त्यासाठी कोळशाच्या डब्या लावलेला मास्क लागतो. भाव ठरवतानाच विचारावे, "असा मास्क आहे का तुमच्याकडे? दोघांनाही?" नसेल तर त्याचे पैसे धरून भाव करावा. काम चालू असताना अधूनमधून बाहेर बोलावून चहा द्यावा. तेवढाच त्याला मोकळा श्वास.

मागच्या महिन्यात तोच मुलगा शेजारच्या घरी कामाला आला होता. जिन्यात भेटला, तेव्हा मास्क गळ्यात होता. "काकू, खिडक्या उघड्यात बरं का!" लांबूनच म्हणाला.