श्वासावाटे इन्सुलिन: सोय किती, जोखीम किती?

आपली दोन्ही फुप्फुसं उलगडून अंथरली तर किती जागा लागेल? सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एका टू बीएचके फ्लॅटएवढी! हा सगळा पसारा छातीच्या पिंजऱ्यात मावतो, कारण तो कोट्यवधी चिमुकल्या वायुकोशांत विभागलेला असतो. या वायुकोशांची भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते. भिंतीपलीकडे लगेच रक्त वाहतं. प्राणवायूसाठी उघडलेल्या या दारातून इन्सुलिनही आत गेलं तर?

हा प्रश्न फार जुना आहे. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. गिळलं, तर पोटातले पाचकरस डाळीतल्या प्रथिनासारखे त्याचेही तुकडे करतात. म्हणून जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा दिलं गेलं, तेव्हापासून मधुमेही माणसाच्या नशिबी सुई आली. पण ते हुंगवून देण्याचे प्रयत्नही १९२० च्या दशकातच सुरू झाले होते. प्रत्यक्ष औषध बाजारात आलं ते २००६ साली: फायझरचं 'एक्झुबेरा'. त्याचं उपकरण बोजड होतं आणि डोस युनिटऐवजी मिलिग्रॅममध्ये मोजावा लागे. रुग्ण आणि डॉक्टर दोघंही त्याकडे वळले नाहीत. ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने ते गुंडाळलं.

२०१४ मध्ये अमेरिकेत 'अफ्रेझा'ला मंजुरी मिळाली. याचा इनहेलर शिट्टीएवढा, मुठीत लपणारा. त्यात रंगीत काडतूस बसवायचं, श्वास पूर्ण सोडायचा, मग तोंडाने खोल ओढून क्षणभर रोखायचा. झालं! खरी करामत त्या भुकटीच्या कणांत आहे. कण दोन-अडीच मायक्रॉनचे. याहून बरेच मोठे असते, तर घशातच अडकले असते. फार बारीक असते, तर उच्छ्वासाबरोबर बाहेर पडले असते. कणाचा सांगाडा आम्लात घट्ट राहतो, पण फुप्फुसाच्या उदासीन ओलाव्यात विरघळतो आणि इन्सुलिन मोकळं होतं.

आता वेग बघा. इंजेक्शनमधलं इन्सुलिन त्वचेखाली थबकतं. तिथे त्याचे रेणू सहा-सहाच्या गटात बांधलेले असतात. ते सुटे होऊन रक्तात शिरायला वेळ लागतो. त्यामुळे जलद इन्सुलिनलाही रक्तातली कमाल पातळी गाठायला पाऊण-एक तास जातो. श्वासावाटे घेतलेलं इन्सुलिन ही पातळी १२ ते १५ मिनिटांत गाठतं. पोह्यांची बशी संपता संपता औषध रक्तात हजर! शिवाय नेहमीच्या लहान डोसचा परिणाम दीड ते तीन तासांत ओसरतो, म्हणून जेवणानंतर उशिरा साखर घसरण्याची भीती कमी होते.

पण फुप्फुस हे काही औषधांचं गोदाम नव्हे. सर्वांत जास्त आढळणारी तक्रार खोकल्याची. दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्गाचा जुनाट आजार) असलेल्यांच्या श्वासनलिका अचानक आवळू शकतात, म्हणून त्यांनी हे घ्यायचंच नाही. धूम्रपान करणाऱ्यांनी आणि नुकतंच सोडलेल्यांनीही दूर राहायचं. इतरांनी सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजणारी तपासणी, करून घ्यायची; कारण ही ताकद किंचित घटल्याचं चाचण्यांत दिसलं आहे.

दुसरी अडचण मापाची. काडतुसं ४, ८ आणि १२ युनिटची. ज्याचं गणित एकेका युनिटवर चालतं, त्याला हे माप ढोबळ वाटणार. आणि हे फक्त जेवणाच्या वेळचं इन्सुलिन आहे. टाइप १ च्या रुग्णाला दिवसभर पुरणारं दीर्घ प्रभावाचं इन्सुलिन टोचूनच घ्यावं लागतं. सुया कमी होतात, संपत नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनीही अफ्रेझाला मंजुरी दिली. वितरणाचे हक्क मुंबईच्या सिप्लाकडे आहेत. निरोगी फुप्फुसांच्या, सुईने खरोखर त्रासलेल्या प्रौढ माणसासाठी हा चांगला पर्याय आहे, असं माझं मत. मात्र डॉक्टरांकडे जाल तेव्हा साखरेच्या रिपोर्टबरोबर स्पायरोमेट्रीचंही विचारा, आणि त्यांनी सांगेपर्यंत चालू असलेलं इंजेक्शन एक दिवसही चुकवू नका.